मूळ पुरुषाचे देणे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि लहानपणापासूनच तिचे माझे फारसे जमलेले नाही. नदीचे मूळ पाहून आल्याने नदीचे पाणी आटत नाही, आणि ऋषीचे कूळ कळल्याने त्याची विद्याही उणी होत नाही. मग न शोधण्याचा एवढा आग्रह कशासाठी? पुढे वय वाढले तसे लक्षात आले, की म्हण करणारा माणूस भोळा नव्हता. मुळापर्यंत गेलेला माणूस बहुधा चिखलाने भरलेले पाय घेऊन परत येतो आणि मग ते पाय धुवायचे कोठे, असा त्याला प्रश्न पडतो, हे त्याने पाहिले असले पाहिजे.

म्हण काही सांगो, आपण तिचे ऐकत नाही. काशीला किंवा त्र्यंबकेश्वराला गेलेला माणूस उपाध्यायांच्या लांबट वहीत आपल्या पणजोबांची सही सापडली, की डोळ्यांना पंचा लावतो. आपल्याकडे कुलवृत्तांत निघतात, त्यांत वंशवृक्षाच्या घड्या घातलेले कागद असतात, आणि ते कागद उलगडताना फाटू नयेत म्हणून घरातली वडीलधारी मंडळी मुलांना दूर बसवितात. अमेरिकन माणूस ह्या बाबतीत आपल्याही पुढे आहे. त्याचा देश नवा, म्हणून जुन्याची भूक मोठी. ह्या भुकेपायी युटामधील एका वंशावळी संस्थेने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात थेट हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही छायाचित्रे घेऊन ठेवली.

मी ज्या कुळाच्या मागे लागलो ते माझे नव्हे, माझ्या देशातलेही नव्हे. ते आहे चार्ल्स इंगल्स नावाच्या एका अमेरिकन वसाहतवाल्याचे. हा माणूस १८३६ साली न्यूयॉर्क राज्यातील क्यूबा नावाच्या गावी जन्मला आणि १९०२ साली दक्षिण डाकोटातील डी स्मेट येथे वारला. तो सेनापती नव्हता, संत नव्हता, धनिकही नव्हता. सुतारकाम करावे, शेत नांगरावे, रात्री फिडल वाजवावी आणि मुलींना गोष्टी सांगाव्यात, एवढीच त्याची मिळकत. परंतु त्याची दुसरी मुलगी लॉरा हिने वयाच्या पासष्टाव्या वर्षी, १९३२ साली, आपल्या बालपणावर पहिली गोष्ट प्रसिद्ध केली. १९४३ पर्यंत अशी आठ पुस्तके झाली आणि त्यांतला ‘पा’ जगभरच्या मुलांचा बाप झाला. आमच्या घरात ही पुस्तके दोन पिढ्या वाचली गेली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत, फराळाच्या डब्यांवर बाहेरून नजर ठेवून बसलेल्या मुलांना मी ती मराठीत सांगत असे. बाहेर हिमवादळ, आत चुलीची ऊब आणि दाराशी बंदूक टांगणारा धीराचा बाप, हे चित्र आमच्या मुलांना आपल्या आजोळाइतके ओळखीचे झाले होते.

अशा माणसाचे कूळ शोधण्याचा मोह मला आवरला नाही. अमेरिकेत अशा शोधाची साधने पुष्कळ. तेथे १७९० पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते, आणि १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव तीत लिहिलेले असते. बहात्तर वर्षे झाली की ती पाने सर्वांना खुली होतात. १९५० ची पाने २०२२ साली खुली झाली. शिवाय जमीन कचेरीतले दाखले, चर्चच्या नोंदी, थडग्यांवरचे दगड आणि घरातले बायबल. आपल्याकडे पत्रिका देवघरात ठेवतात, तशी तेथील माणसे मुलाची जन्मतारीख बायबलच्या पानावर लिहीत. आता हे सारे घरबसल्या पाहता येते. डोळ्यांना त्रास होतो एवढेच.

वर वर जाता जाता मी एडमंड इंगल्स नावाच्या मूळ पुरुषापाशी पोहोचलो. हा इंग्लंडातून येऊन १६२९ साली मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे वसला. त्याची एक नात मार्था कॅरियर. १६९२ साली सेलम येथे जो चेटकिणींचा खटला गाजला, त्यात तिला चेटकीण ठरवून १९ ऑगस्टला फाशी दिले. दुसऱ्या फांदीने गेलो तर चार्ल्सची आजी डेलानो घराण्यातली निघाली. तिचा पूर्वज १६२१ साली ‘फॉर्च्यून’ नावाच्या जहाजातून आला होता, आणि त्याच पूर्वजाच्या वंशात पुढे अध्यक्ष फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट जन्मले. गंमत अशी, की लॉराला आणि तिच्या मुलीला रूझवेल्टांचे राजकारण मुळीच सहन होत नसे.

येथवर सगळे मौजेचे होते. एका हाती अध्यक्ष, एका हाती चेटकीण म्हणून फाशी गेलेली बाई! परंतु शाळेत गणित शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे मला हिशेब केल्याशिवाय राहवेना. प्रत्येकाला आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ. दहा पिढ्या वर गेले, की त्या एका पायरीवर १०२४ माणसे उभी असतात. एवढ्या गर्दीत एखादा मोठा माणूस आणि एखादा फासावर गेलेला सापडणारच. तेव्हा रक्ताने मिळणारी थोरवी फार स्वस्त असते आणि रक्ताने लागणारा कलंकही तितकाच स्वस्त. ज्या पूर्वजाचे आपल्या ताटात काही आले नाही, त्याच्याशी आपले नाते कागदापुरतेच. खरा प्रश्न जवळच्या पूर्वजाचा आहे, ज्याच्या घरात आपण राहिलो आणि ज्याच्या गोष्टीवर वाढलो त्याचा.

म्हणून मी खाली चार्ल्सकडे परत आलो. लॉराची पुस्तके आणि कागदपत्रे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा प्रथम जे दिसले त्याने मन भरून आले. पुस्तकात नसलेला एक भाऊ कागदात आहे. १ नोव्हेंबर १८७५ रोजी जन्मलेला चार्ल्स फ्रेडरिक, २७ ऑगस्ट १८७६ रोजी गेला, वर्षाचाही झाला नाही. लॉराने त्याला पुस्तकात घेतलेच नाही. आयोवातील बर ओक येथे ह्या कुटुंबाने एका हॉटेलात राबून काढलेले दिवसही पुस्तकात नाहीत, आणि घरभाड्याचे देणे डोक्यावर असताना रात्री गाडी जुंपून तेथून निघून जाणेही नाही. ते तिने आपल्या आत्मकथनात लिहिले होते. ते आत्मकथन ‘पायोनियर गर्ल’ ह्या नावाने २०१४ साली, तिच्या मृत्यूनंतर सत्तावन्न वर्षांनी, छापले गेले. मिनेसोटात टोळधाडीने सलग पिके खाल्ली तेव्हा, १८७५ च्या नोव्हेंबरात, चार्ल्सने आपण पूर्णपणे निर्धन आहोत असे लेखी देऊन मदतीचे पीठ घेतले. दोन अर्धी पिंपे, किंमत सव्वापाच डॉलर. पुस्तकातला ‘पा’ कोणापुढे हात पसरीत नाही. कागदातल्या बापाने मुलींसाठी तो पसरला.

हे वाचून माझ्या मनातला चार्ल्स लहान झाला काय? उलट मोठा झाला. शोध येथेच थांबला असता तर त्या म्हणीला मी कायमचा रामराम ठोकला असता. परंतु शोध आपल्या सोयीने थांबत नाही. पुढचे पान कॅन्ससचे होते.

लॉराच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकात हे कुटुंब गवताळ माळावर जाऊन लाकडाचे घर बांधते. घर ज्या ठिकाणी होते ते ठिकाण इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैल असल्याचे तिने लिहिले आहे. ती तेथून निघाली तेव्हा चार वर्षांची होती. ऐकीव गोष्टींवर आणि अंदाजावर तिची भिस्त. साठी उलटल्यावर ती आणि तिची मुलगी रोझ मोटारीने ते ठिकाण शोधावयास गेल्या, पण ते सापडले नाही. पुढे ते सापडले कागदांतूनच. घरातल्या बायबलात धाकट्या कॅरीचा जन्म ३ ऑगस्ट १८७० रोजी कॅन्ससमधील माँटगोमेरी कौंटीत झाल्याची नोंद होती, आणि त्याच वर्षीच्या खानेसुमारीत रटलंड टाउनशिपमध्ये हे सारे कुटुंब होते. इंडिपेंडन्सपासून ती जागा फक्त तेरा मैलांवर. त्यांच्या शेजारी नोंद होती डॉक्टर जॉर्ज टॅन ह्या कृष्णवर्णीय वैद्याची. सारे घर हिवतापाने अंथरुणाला खिळले असताना ह्याच टॅननी त्यांना वाचविले.

त्या खानेसुमारीत प्रत्येकाच्या नावापुढे जमिनीची किंमत लिहिण्याचा रकाना असतो. रटलंडच्या पानांवर नोंदणाऱ्याने लिहून ठेवले आहे, की ह्या जमिनी ओसेज लोकांच्या आहेत आणि वसाहतवाल्यांचा तिच्यावर मालकीहक्क नाही. मी पुष्कळ सरकारी कागद पाहिले आहेत. इतकी सरळ शेरेबाजी क्वचितच पाहिली.

ओसेज हे त्या प्रदेशातले मूळ लोक. १८२५ च्या आणि १८६५ च्या तहांनी त्यांचा मुलूख आक्रसत गेला आणि दक्षिण कॅन्ससमध्ये एक पट्टा त्यांच्याकडे राहिला. तो कायद्याने त्यांचा होता. चार्ल्स १८६९ साली बायकोमुलींना घेऊन त्या पट्ट्यात शिरला. तो एकटा नव्हता. त्याच्यासारखी हजारो माणसे शिरत होती. ओसेज बायसनच्या शिकारीला दूर गेले की मागे त्यांचे घोडे चोरीस जात, त्यांची मक्याची शेते लोक बळकावीत, त्यांची थडगीही उकरीत. ओसेजांकडे नेमलेला सरकारी एजंट आयझॅक गिब्सन ह्याने हे सारे आपल्या अहवालात लिहिले, आणि ह्या दोहोंपैकी रानटी कोणाला म्हणावे, असा प्रश्नही वरिष्ठांपुढे ठेवला. चार्ल्सने थडगी उकरली किंवा घोडे चोरले असे कोठेही नाही. त्याने दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतःचे घर बांधले, विहीर खणली आणि नांगर धरला. एवढेच त्याने केले. हजारो माणसांनी एवढेच केले की एका लोकसमूहाचा देश जातो.

१५ जुलै १८७० रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला. ओसेजांनी दक्षिणेस इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, जावे आणि त्यांची जमीन एकरी सव्वा डॉलरने वसाहतवाल्यांना विकावी, असे ठरले. त्या सप्टेंबरात ओसेजांनी त्याला होकार दिला. आणखी थोडे थांबून दोनशे डॉलर भरले असते तर चार्ल्स तेथल्या १६० एकरांचा मालक झाला असता. परंतु १८७१ मध्ये तो निघून गेला. विस्कॉन्सिनमधले त्याचे घर ज्याने हप्त्यांनी घेतले होते त्याला हप्ते झेपेनात, म्हणून ते घर परत ताब्यात घ्यावे लागले. अशा रीतीने ज्या जमिनीसाठी त्याने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकले, त्या जमिनीचे एक ढेकूळही त्याला मिळाले नाही.

आमच्या शेजारी एक वयोवृद्ध वकीलसाहेब राहतात. दिवाणी दाव्यांत त्यांचे आयुष्य गेले. हा सारा वृत्तांत मी त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारले, “आता ह्या माणसाची गोष्ट मी नातवंडांना कोणत्या तोंडाने सांगू?”

ते हसून म्हणाले, “अहो मास्तर, त्या काळी सारे जग तसेच वागत होते. आजच्या तराजूत कालचा माणूस घालू नये.”

हा युक्तिवाद आपण सर्वच करतो आणि तो निखालस खोटाही नाही. चार्ल्सच्या मागे सरकार होते. १८६२ सालचा होमस्टेड कायदा होता. पाच वर्षे राहून कसणाऱ्याला १६० एकर जमीन नाममात्र खर्चात मिळेल, असे तो कायदा गरिबाला सांगत होता. ओसेजांच्या पट्ट्याला तो कायदा लागू नव्हता, परंतु भूक लागलेल्याला कायद्याची हद्द दिसत नाही. आगगाडीची कंपनी तर ओसेजांची ऐंशी लाख एकर जमीन एकरी सुमारे वीस सेंटांनी घशात घालावयास निघाली होती. तो तह १८६८ साली झाला, पण मंजूर झाला नाही. अशा मोठ्या माशांपुढे चार्ल्स म्हणजे एक मुरी. हे सगळे मला मान्य आहे. तरीही मी वकीलसाहेबांना म्हटले, “गिब्सन त्याच काळातला होता. खानेसुमारीवाला तर त्याच्या दारात येऊन गेला. जमीन कोणाची हे त्या काळाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते असे म्हणून आपण त्या काळालाच खोटे पाडतो.”

वकीलसाहेब जरा सावरून बसले. म्हणाले, “मग आपल्या धर्मशास्त्राकडे चला. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, हे त्याचे धर्मकर्तव्य. पण कोणते कर्ज? बापाने दारूसाठी किंवा जुगारासाठी काढलेले कर्ज मुलाच्या माथी मारता येत नाही. अधर्माचे देणे बापाबरोबर चितेवर जाते. आणि आता तर २००५ सालच्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलाला न्यायालयात ओढताही येत नाही. तुमच्या ह्या चार्ल्सच्या पोरींना कशाला धरता?”

मी त्या रात्री बराच वेळ ह्याच विचारात होतो. अधर्माचे देणे मुलाकडे येत नाही, हे तत्त्व उदार आहे. बापाच्या पापासाठी मुलाला झोडपणारा समाज मला नको. परंतु ह्या तत्त्वात एक फट आहे. जुगारात हरलेला पैसा मुलाने पाहिलेला नसतो, म्हणून ते देणे त्याच्याकडे येऊ नये हे न्यायाचे. बापाने बळकावलेले शेत जर मुलगा कसत असेल, तर? तेव्हा प्रश्न रक्ताचा राहत नाही, ताटाचा होतो.

आणि चार्ल्सच्या बाबतीत तर रक्ताचा प्रश्न उरलेलाच नाही. मेरी अविवाहित राहिली. कॅरीला आणि ग्रेसला स्वतःची मुले झाली नाहीत. लॉराची एकच मुलगी जगली, रोझ; रोझचे मूल जन्मतःच गेले आणि १९६८ साली रोझही गेली. चार्ल्स इंगल्सचा वंश तेथे संपला. आज त्याच्या नावाने पिंड देणारा म्हणावा असा एकही माणूस ह्या पृथ्वीवर नाही. उलट ज्यांना हुसकावले ते ओसेज आहेत. कॅन्ससच्या जमिनीच्या पैशातून त्यांनी चेरोकींकडून दक्षिणेस नवी जमीन खरेदी केली. पुढे तिच्याखाली तेल निघाले, तेलापायी १९२० नंतरच्या वर्षांत त्यांच्यातल्या अनेकांचे खून पडले, आणि तेही सोसून त्यांचे राष्ट्र आज ओक्लाहोमात नांदते आहे. त्याचे सभासद वीस हजारांहून अधिक आहेत. वंशवृक्ष काढावयास बसलेल्या माणसाला इतिहासाने असा उलटा कागद हातात द्यावा, हे विलक्षण आहे.

मग वारस कोण? याज्ञवल्क्य स्मृतीत ह्याचे उत्तर आहे, असे सकाळी वकीलसाहेबांनीच सांगितले. ऋण कोणी फेडावे ह्याचा क्रम लावताना स्मृतिकार पहिले नाव घेतो ते वारसा उचलणाऱ्याचे. ज्याच्या हाती मिळकत, त्याच्या माथी देणे. पोटचा मुलगा असलाच पाहिजे असे नाही.

चार्ल्सने मागे ठेवलेली मिळकत कोणती? कॅन्ससची जमीन त्याला मिळाली नाही. डी स्मेटजवळची, १८८० साली नोंदविलेली आणि १८८६ साली नावावर झालेली जमीनही त्याने पुढे विकली. उरली ती गोष्ट. आणि ती गोष्ट उचलली लाखो वाचकांनी. दिवाळीच्या दुपारी ती मुलांना सांगताना तिची ऊब मीही घेतली आहे. तेव्हा स्मृतीच्या नियमाने पाहिले तर चार्ल्स इंगल्सच्या दूरच्या वारसांत एक नाव माझेही लागते, आणि ऊब घेतली त्या मापाने देणेही लागते.

हे देणे फेडावयाचे कसे? पुष्कळांना सोपा मार्ग वाटतो तो नाते तोडण्याचा. २०१८ साली अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने लॉराच्या नावाने दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे नाव बदलले. हा पुरस्कार १९५४ साली पहिल्यांदा तिलाच दिलेला होता. संघटनेने पुस्तकांवर बंदी मागितली नव्हती. आपल्या सन्मानाला कोणाचे नाव असावे एवढेच तिने ठरविले, आणि तो तिचा अधिकार आहे. परंतु पुरस्काराची पाटी बदलणे सभेला शक्य असते. घरातली पाटी अशी बदलता येत नाही. बापाला नाकारणारा मुलगा बापाच्या कर्जातून सुटत असेल, बापाच्या तोंडवळ्यातून सुटत नाही. शिवाय नाकारण्यात एक छुपा अहंकार असतो. मी त्या जागी असतो तर तसे केले नसते, असे तो बसल्या जागेवरून म्हणत असतो.

हे मी परक्या माणसाविषयी इतक्या निवांतपणे लिहितो आहे, त्याचे कारणही सांगितले पाहिजे. आमच्या घराच्या माळ्यावर एक जुनी पेटी आहे. आमच्या कुळाची हकीकत लिहून ठेवलेली आहे तीत मूळ पुरुषाविषयी एकच वाक्य आहे, की त्यांनी सावकारीत जम बसविला आणि विहीर व वाडा बांधला. ज्या १८७५ साली चार्ल्स मदतीच्या पिठासाठी निर्धनतेचा दाखला देत होता, त्याच साली मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचे दंगे उसळले आणि सावकारांच्या घरांतले कर्जरोखे बाहेर काढून जाळले गेले. आमची पेटी मात्र त्यातून वाचली, असे घरात अभिमानाने सांगत असत. तिच्यातले रोखे मी अजून नीट वाचलेले नाहीत. कॅन्ससच्या खानेसुमारीचे पान मोठे करून वाचणे त्यापेक्षा सोपे होते. दुसऱ्याच्या मूळ पुरुषावर न्यायनिवाडा करणाऱ्याने आधी आपली पेटी उघडावी असे मला वाटते, आणि यंदा सुट्टीत मुले घरी आली की ती सर्वांच्या देखत उघडावयाची असे ठरविले आहे. आश्विनात लक्ष्मीपूजनाला वह्यांना हळदकुंकू वाहतो, त्या वह्यांतली येणी आणि देणी दोन्ही खरीच असतात.

उघडून करावयाचे काय, असे कोणी विचारील. दीडशे वर्षांमागच्या कुळांचे वंशज कोठे शोधणार, आणि सापडले तरी त्यांना काय देणार? ह्याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडेल असे मला वाटत नाही. जेथे जमीन अजून हातात आहे तेथे देणे जमिनीचे असते. तेथे नुसत्या सुस्काऱ्यांनी भागणार नाही. जेथे केवळ गोष्ट हातात आहे तेथे देणे गोष्टीचे असते. गोष्ट पुरी सांगितली पाहिजे. फिडल वाजविणारा बाप खरा होता, मुलींवरची त्याची माया खरी होती, आणि त्याच्या दारावरून जाणाऱ्या लोकांची ती जमीन होती, हेही खरे होते. ह्यातले एक सांगून दुसरे लपविले, की ऐकणाऱ्या मुलाला आपण खोटा वारसा देतो. पुढे कधीतरी ते मूल खरे शोधून काढते आणि मग त्याचा सर्वच गोष्टींवरचा विश्वास उडतो.

ह्या बाबतीत मला वाट दाखविली ती लॉरानेच. १९३५ साली निघालेल्या त्या कॅन्ससच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांत, त्या प्रदेशात माणसे नव्हती, केवळ इंडियन राहत होते, अशा अर्थाचे लिहिलेले होते. सतरा वर्षे ते तसेच छापले जात होते. कोणाच्या डोळ्याला खुपले नाही. १९५२ साली एका वाचकाने प्रकाशकांना पत्र लिहून विचारले, की इंडियन ही माणसे नव्हेत काय? पत्र लॉराकडे गेले. तेव्हा ती पंचाऐंशी वर्षांची होती. जगभर तिचे नाव झालेले होते, नवरा गेलेला होता, आईबाप आणि बहिणी सर्वच मातीआड गेल्या होत्या. आमच्या काळी तसेच लिहीत असत, असे ती म्हणू शकली असती. वडिलांच्या नावाला जपणारी लेक म्हणून कोणी तिला दोषही दिला नसता.

तिने तसे काही म्हटले नाही. ती आपली घोडचूक असल्याचे तिने लगेच मान्य केले, इंडियन ही माणसेच आहेत असे कळविले आणि शब्द बदलण्यास संमती दिली. १९५३ च्या आवृत्तीपासून ‘माणसे’ ह्या जागी ‘वसाहतवाले’ असा शब्द आला. एका शब्दाने ओसेजांचा माळ त्यांना परत मिळाला नाही, आणि पुस्तकात खुपण्यासारखे इतर जे आहे ते तसेच राहिले. परंतु चार्ल्स इंगल्सच्या घरातून त्या जुन्या देण्यापोटी गेलेला तो एक हप्ता होता, आणि तो त्याच्या मुलीने स्वतःच्या हाताने, हयात असताना दिला. पुढचे हप्ते आपल्यासारख्या वारसांकडे राहिले आहेत.